तुम्ही विचारलंत म्हणून: सेवा शिकवायला गाढवाचीच गोष्ट का?

संडे स्कूलच्या पोरांचे आईबाबा मला हे हमखास विचारतात, झावळ्यांचा रविवार (येशू गाढवावर बसून यरुशलेम शहरात आला, त्याची आठवण करायचा दिवस) जवळ आला की तर जास्तच, की ताई, ख्रिस्ती माणसानं सेवा करायची म्हणजे काय हे सांगायला तुम्ही गाढवच का घेता, पोरं घरी येऊन एकमेकांना गाढव म्हणून चिडवत बसतात.

चिडवू देत, दोन दिवसांत थांबतात. पण गोष्ट हीच पाहिजे, कारण आपल्या कोल्हापूरच्या पोरांना राजा म्हटलं की घोडाच दिसतो, कावळा नाक्याचा ताराराणींचा पुतळा सगळ्यांनी बघितलेला असतोय, आणि गाढव म्हटलं की वीटभट्टी. त्यामुळं येशू यरुशलेमात गाढवाच्या शिंगरावर बसून आला म्हटलं की पोरं लगेच विचारतात, त्याला घोडा मिळाला नाही काय? आणि मला हाच प्रश्न पाहिजे असतो! मग बायबलच्या जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याचा 9वा अध्याय काढायचा. 9व्या वचनात राजा लीन होऊन गाढवावर येतोय आणि लगेच 10व्यात रथ, घोडे, लढाईचं धनुष्य सगळं काढून टाकायचं आणि राष्ट्रांना शांती सांगायची. म्हणजे घोडा नव्हता म्हणून गाढव असं नाही, येशूनं ते ठरवून मागवलं.

एक व्हर्जन मी कधीच सांगत नाही. त्यात गाढवाला वाटतं की होसान्ना, म्हणजे येशूसाठी लोकांनी केलेला जयघोष, आपल्यासाठीच चाललंय, ते फुगतं आणि मग त्याची जिरते. पोरं खूप हसतात, पण शिकतात काय, तर तू कोणी नाहीस, गप रहा. बायबलमधलं गाढव तसं नाहीच. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकात, 11व्या अध्यायात ते दाराशी बांधलेलं आहे, त्याच्यावर अजून कोणी बसलेलं नाही, आणि शिष्यांना सांगितलंय की कोणी विचारलं तर म्हणा, प्रभूला याची गरज आहे. हे वाक्य मी पोरांकडून मोठ्यानं म्हणून घेते. ज्या लेकराला घरात सारखं तुला काय जमतंय असं ऐकावं लागतं त्याला हे कळलं पाहिजे की सेवा कमीपणातून येत नाही, कोणीतरी तुला ओळखून बोलावलंय म्हणून येते.

आणि आता जरा स्पष्ट बोलते. सेवा शिकवा म्हणणाऱ्या घरांत पोरी आधीच ताटं उचलत असतात, त्यांना हा धडा वेगळा द्यायची गरज नाही, तो पोरांना पाहिजे. म्हणून गोष्ट झाली की सतरंज्या मुलगेच गोळा करतात आणि सरबताचे ग्लासही तेच विसळतात. काही आयांना हे आवडत नाही, पण योहानाच्या शुभवर्तमानात 13व्या अध्यायात पाय धुणारा गुरू येशूच आहे, शिष्य नाही, आणि त्याचा शिष्य पेत्र यालाही ते आधी पटलं नव्हतं.

मोठ्या पोरांना पुढं मार्क 10:45 देते, मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, सेवा करून घ्यायला नाही तर करायला आला. लहानांना वचन पाठ नाही झालं तरी चालतंय, घरी गेल्यावर आपलं ताट आपण उचललं का एवढंच पुढच्या रविवारी विचारते, आणि खरं सांगा म्हणते.