मावळ्याचा श्वास

ठाण्यात घोडबंदर रोडवर नव्या दुकानाचं उद्घाटन असलं की दारात तो हमखास उभा असतो. लाल कापडाचा, मजलाभर उंच, लांब हातांचा, कमरेत मोडून पुन्हा फटकन उठणारा. खाली एक ब्लोअर, वर शिवलेली नळी, हातांच्या टोकांना हवा सुटायला भोकं. ना गिअर, ना सांधा. तरी रिक्षातलं पोर मान वळवून त्याच्याकडे बघत राहतं. तेच पोर संध्याकाळी गणपतीच्या मंडपात जातं. तिथे दोन महिने खपून उभा केलेला देखाव्यातला, मोटरवर हलणारा मावळा तलवार वर-खाली, वर-खाली करत असतो. पोर क्षणभर बघतं आणि मोदकाच्या ताटाकडे वळतं.

पोराचं काही चुकत नाही.

कापडी माणसाचं गुपित त्याच्या घडीत आहे. नळी वाकते, घडी पडते, घडीखाली हवेचा दाब साठतो आणि पुरेसा साठला की घडी सुटते. ती कुठे पडेल आणि कधी सुटेल, हे त्या ब्लोअरलाही ठाऊक नसतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिक सोहळ्यासाठी त्रिनिदादचे कलावंत पीटर मिनशॉल यांनी असे नाचरे उभे केले. तेव्हापासून जगभरच्या दुकानदारांना ते फुकटच्या नोकरासारखे लाभले आहेत. मावळ्याचं उलट. त्याची पुढची हालचाल दुसऱ्या फेरीलाच पाठ होते, आणि एकदा पाठ झाली की तो पंप होतो.

१९४४ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट, एवढंच. बघणाऱ्यांनी सांगितलं ते मात्र भांडण, पाठलाग, घाबरून लपणं. त्रिकोणाला तोंड नव्हतं की हात नव्हते. तो थबकायचा आणि दिशा बदलायचा, तेवढं पुरलं. देखाव्याच्या कारागिराने मुखवट्याच्या रंगावर आठ दिवस घालवण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

बहुतेक मंडळांत हात हलवायचा म्हणजे मोटरवर चकती, चकतीला भोक, भोकात सळई. भोक केंद्रापासून २ सेंटीमीटरवर असेल तर सळई ४ सेंटीमीटर सरकते. जाणं-येणं सारखं, मध्ये विसावा नाही. त्याऐवजी १२ मिलीमीटर प्लायचा कॅम कापावा, म्हणजे मुद्दाम उंचसखल काठाची चकती; तिच्या काठावर टेकलेलं बेअरिंग वर-खाली होतं आणि हात हलवतं. भंगारातली वायपर मोटर १२ व्होल्टवर मिनिटाला चाळीसेक फेऱ्या घेते. ११ आणि ४४ दातांच्या चाकांवर सायकलची चेन घालून त्या दहा होतात, आणि व्होल्टेज सहाच्या आसपास आणलं की पाचेक. म्हणजे एक फेरी बारा सेकंदांची. आता वर्तुळाचे ३६० अंश वाटायचे: २४० अंश हात खाली स्वस्थ, ३० अंशांत वर, ३० अंश वरच रोखलेला, ६० अंशांत सावकाश खाली. आठ सेकंद काहीच न करणारा मावळा बघून कार्यकर्ते घाबरतात, मोटर जळली का म्हणून वाकून बघतात. त्यांना थोडं थांबवावं लागतं.

कॅम लहान ठेवायचा मोह इथे नडतो. चढ २ सेंटीमीटरचा आणि कॅमची त्रिज्या ४, तर ३० अंशांच्या तुकड्यात चढण जवळजवळ पंचेचाळीस अंशांची होते. बेअरिंग वर चढायचं सोडून कॅमला अडून बसतं. त्रिज्या ८ घ्यावी, चढण निम्मी होते.

दुसरी खोड सांध्याची. खांद्यातल्या ३ सेंटीमीटरच्या आखूड दांडीला १ मिलीमीटर ढिलाई राहिली, तर ६० सेंटीमीटर लांबीच्या हाताचं टोक २० मिलीमीटर लटपटतं. दिशा बदलताना ‘कट्’ आवाज येतो आणि भ्रम तिथेच मोडतो. नायलॉनचं बुश (दांडीभोवती घट्ट बसणारी नळी) आणि एका बाजूने कायम ओढणारी हलकी स्प्रिंग, एवढ्याने ते बसतं. हाताचं वजनही तोलावं लागतं. नाहीतर मोटर वर जाताना कण्हते आणि खाली येताना हात पडतो. ६०० ग्रॅमचा हात, त्याचा गुरुत्वमध्य ३० सेंटीमीटरवर, तर मागच्या बाजूला १० सेंटीमीटरवर १८०० ग्रॅम बांधायचे.

पण खरी मजा श्वासात आहे. माणूस स्वस्थ असताना मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. मिनिटाला ५ फेऱ्यांची, मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी छोटी मोटर घ्यावी आणि तिच्यावर तीन उंचवट्यांचा कॅम बसवावा: झाले पंधरा. उंचवटा चढताना उभा, उतरताना लांबट, शेवटी थोडा सपाट, कारण श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि सोडून झाल्यावर छाती जराशी थांबते. उठाव पाच मिलीमीटर पुरे. सेंटीमीटरभर केला की मावळा सिंहगड चढून आल्यासारखा धापा टाकतो. या मोटरींत एक लबाडी असते. साधी घेतली तर सुरू होताना कधी डावीकडे फिरेल, कधी उजवीकडे. उलटी फिरली की श्वासही उलटा, सावकाश घेतलेला आणि झटकन टाकलेला. बघणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण मावळा आजारी वाटतो. दिशा छापलेलीच मोटर घ्यावी.

मान वळवायची तर आधी डोळे, मग मान, मग खांदा. तिन्ही एकदम वळले की टेबल फॅन. शेला मऊ मलमलीचा, एका टोकालाच टाचलेला, म्हणजे हात थांबल्यावरही तो क्षणभर हलत राहतो. दोन मावळे एकाच दांड्यावर जोडले तर ते कवायत करतात. एकाला ५ आणि दुसऱ्याला ६ फेऱ्यांची मोटर दिली तर ते मिनिटाला एकदाच जुळतात, आणि तेवढा वेळ रांगेत कोणी समोर थांबू देत नाही. हल्ली सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) आणि तिला हुकूम देणारा आर्डुइनोचा सर्किट बोर्ड सर्रास झाले आहेत. चांगलंच आहे, पण बारीक पावलांत न चालवलेली सर्वो पूर्ण वेगाने झटका मारते, आणि पॉवर सप्लाय अपुरा असला की कापरं भरल्यासारखी थरथरते.

तलावपाळीच्या काठाला वंचक, म्हणजे भुरा बगळा, बसतो तेव्हा तो दगडच वाटतो. मग मान इंचभर पुढे सरकते, आणि तो मघापासून पाण्यात बघत होता हे आपल्याला कळतं. मागची पाच मिनिटं एकदम जिवंत होतात. कॅमवरचे ते २४० अंश यासाठीच.

या सगळ्या खटपटीच्या मधोमध जी मूर्ती असते, तिला मात्र कोणी मोटर लावत नाही. तिचे डोळे आखले, प्राणप्रतिष्ठा झाली, की ती जागची हलू नये म्हणून घरोघरी पोरांना ओरडा बसतो. उत्तरपूजा झाली की तिला हात लावून बोटभर हलवतात. ती हलली, म्हणजे आता देव तिच्यात नाही. मग तिला पाटावर घेऊन कृत्रिम तलावाकडे निघायचं.

त्या वेळी मावळ्याचं बटण बंद करतात, आणि तलवार अर्ध्यात लटकते. वायपर मोटरमध्ये जागेवर येऊन थांबायची सोय असते, पण चेनने फेऱ्या कमी केल्यावर ती निकामी, कारण मोटरच्या चार फेऱ्यांना कॅमची एक. म्हणून कॅमच्याच दांड्यावर एका खाचेची चकती आणि तिच्या काठाने दाबला जाणारा छोटा मायक्रोस्विच बसवावा, मुख्य बटणाला समांतर. बटण बंद केलं तरी खाच येईपर्यंत वीज मिळत राहते. हात सावकाश खाली येतो, आणि मगच मोटर थांबते.