घरचा सर्व्हर, नोंद तिसरी: तपकिरी तार

मागच्या नोंदीपर्यंत सगळं टेबलावर पसरलेलं होतं. आता सर्व्हर कपाटाच्या खालच्या कप्प्यात चोवीस तास चालू आहे: जुना डेस्कटॉप, 16 जीबी रॅम, सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि डेटासाठी 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क, झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या मिररमध्ये. दोन्हींवर तोच डेटा, त्यामुळे जागा एकाच डिस्कएवढी मिळते आणि तीही 3.64 टीबी दिसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, सिस्टिम 1024 च्या. पहिल्यांदा जोडणाऱ्याला डिस्क सदोष आल्यासारखं वाटतं, म्हणून सांगून ठेवतो.

राउटरचं काम एका संध्याकाळी उरकलं. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली टाकलेल्या माझ्या राउटरचा मूळ पत्ता 192.168.1.1, आणि इंटरनेटवाल्यांच्या राउटरचं नेटवर्कही 192.168.1 चंच. दोन्ही बाजूंना सारखेच पत्ते असल्यावर नेट चालणार कसं? माझं नेटवर्क 192.168.20 वर नेलं, त्यांचा राउटर ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे तो आता नुसतं कनेक्शन पुढे देतो, आणि दुहेरी नॅट, म्हणजे दोन राउटरमध्ये दोनदा होणारी पत्त्यांची अदलाबदल, तीही गेली. सर्व्हरचा पत्ता राउटरच्या डीएचसीपीमध्येच, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेत, राखून ठेवलाय. प्रत्येक मशीनवर हाताने पत्ता लिहिण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, सगळे पत्ते एका जागी सापडतात.

खरा वेळ खाल्ला तो कॉपीने. घरातले सगळे फोटो आणि वडिलांच्या आवाजातल्या कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंग, असा दीड टीबी डेटा लॅपटॉपला जोडलेल्या डिस्कवर होता. तो सर्व्हरवर टाकायला घेतला तर वेग 11 एमबी प्रति सेकंदाच्या वर जाईना. या हिशेबाने जवळपास 38 तास! आधी संशय डिस्कवर. एसएमआर प्रकारच्या, म्हणजे सलग लिहिताना मंदावणाऱ्या, तर नाहीत ना, म्हणून मॉडेल नंबर पुन्हा तपासले, नव्हत्या. मग कॉम्प्रेशन, मग फाइल शेअर करणाऱ्या सांबाची सेटिंग. दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी डिस्क बाजूला ठेवून फक्त नेटवर्क मोजावं म्हणून आयपर्फ चालवलं. 94 मेगाबिट, म्हणजे आठाने भागलं की जवळपास तेवढेच एमबी. आकडा बघताच उलगडा झाला, कारण गिगाबिटवर 940 च्या आसपास येतं. 94 म्हणजे वाटेत कुठेतरी लिंक 100 वर उतरलेली. लिंकचा वेग सांगणारं ईथटूल सर्व्हरवर 1000 दाखवत होतं, मग राहिली लॅपटॉपपासून स्विचपर्यंतची केबल. ती मीच क्रिंप केली होती, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवला होता.

कनेक्टर दिव्यासमोर धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून सात रंगीत टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली स्वच्छ दिसत होती. आठवी तार, तपकिरी, दोनेक मिलिमीटर मागे राहिली होती. वरचं सोनेरी पातं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. 100 मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, त्यामुळे नेट व्यवस्थित चालत होतं आणि केबलवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. टोक छाटलं, तारा अंगठ्याखाली सरळ केल्या, एका रेषेत कापल्या, आठही टोकं भिंतीला टेकलेली पाहिली आणि मगच पक्कड दाबली. वेग 112 एमबी. उरलेली कॉपी झोपायच्या आत संपली.

मग पहिलं स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून होणारी तपासणी, लावलं. तीन तासांनी झेडपूल स्टेटसमध्ये, म्हणजे झेडएफएसच्या अहवालात, दुसऱ्या डिस्कच्या चेकसमखाली 6 चुका. छातीत धस्स झालं, डिस्क दोन महिन्यांचीच आहे. फाइल मात्र एकही बिघडली नव्हती. चुकीचे ब्लॉक झेडएफएसने पहिल्या डिस्कवरून वाचून दुरुस्त केले होते. डिस्क स्वतःच ठेवते त्या स्मार्ट रिपोर्टमध्ये रीअॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) शून्य, पण 199 नंबरची ओळ, यूडीएमए सीआरसी एरर, 214 वर. हा आकडा डिस्क आणि बोर्डामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो, त्यामुळे सगळ्यात आधी सॅटा केबल बदलायची. जुनी केबल केसच्या झाकणाखाली काटकोनात दुमडली गेली होती. खटका असलेली नवी केबल लावली, झेडपूल क्लिअरने चुकांचे आकडे पुसले, पुन्हा स्क्रब: शून्य. 214 कधीच खाली येत नाही, तो वाढत नाही ना एवढंच बघायचं.

मिररला मी बॅकअप मानत नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. म्हणून दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली स्थिती, आणि महिन्यातून एकदा झेडएफएस सेंडने बाहेरच्या डिस्कवर प्रत. ती डिस्क बहिणीकडे असते. रेकॉर्डिंगची पहिली प्रत गेल्या रविवारी तिच्याकडे पोचली.

आता यूपीएस जोडायचाय. वीज गेल्यावर सर्व्हर आपणहून नीट बंद व्हावा म्हणून नट (एनयूटी) या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची जुळवाजुळव चालू आहे. यूएसबीवर यूपीएस दिसतोय, शटडाऊनची चाचणी बाकी. केबल बदलून नऊ दिवस झाले. आज सकाळी पाहिलं, 214 च आहे.