सी अर्चिन आणि ‘नर किती, मादी किती’चा रकाना

नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे सी अर्चिनच्या, म्हणजे समुद्रातल्या गोल काटेरी प्राण्याच्या, फलनाचं प्रात्यक्षिक करायचं तर त्यांतल्या साल्मासिस बायकलर या जातीचे पूर्व किनाऱ्यावरून मागवावे लागतात. पकडून देणारा मिळतो, थर्माकोलची पेटीही वेळेत पोचते. घोडं अडतं ते पेटी सोडवून घेताना. जिवंत प्राण्यांच्या फॉर्मवर एक रकाना आहे: नर किती, मादी किती.

सी अर्चिनचं लिंग बाहेरून कळत नाही. माथ्यावरच्या पाच छिद्रांतून दुधासारखं पांढरं आलं तर नर, पिवळसर दाणेदार आलं तर मादी. ते बाहेर काढायलाच तर पेटी हवी असते! खिडकीवरचं उत्तर: ‘भाऊ, रकाना रिकामा नाही चालत. अंदाजे लिहून द्या न.’ अंदाजे लिहावं, तर खालीच ‘वरील माहिती खरी आहे’वर सही. मग साहेब जेवायला जातात. साहेब आले की पशुवैद्यकाचा दाखला आठवतो. पेटी तोवर एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये.

या खोळंब्याची किंमत नंतर सूक्ष्मदर्शकाखाली कळते. पाणी तापतं, ऑक्सिजन उतरतो आणि एखादं जनावर ताणाने तिथेच बीजं (अंडी किंवा शुक्राणू) सोडतं. ती पाण्यात मिसळली की शेजारचीही सोडू लागतात. शुक्राणू नराच्या शरीरात दाटीने असतात तोवर निपचित असतात. समुद्राच्या पाण्यात विरळ झाले की पोहायला लागतात आणि थोड्याच वेळात दमतात. म्हणजे पेटीत सुटलेलं सगळं वाया. अशा रिकाम्या जनावराला बीजं सोडायला लावणारं पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन कितीही द्या, काही येत नाही आणि मुलं औषधाला दोष देतात. म्हणून प्रत्येक जनावर वेगळ्या पिशवीत, समुद्राच्या पाण्याने भिजवलेल्या कापडात गुंडाळून मागवा. बर्फाची पिशवी गळकी नको. गोड्या पाण्याने अंडी फुगून फुटतात.

खिडकीवरचा उपाय: ‘बाह्य लक्षणांवरून लिंग ओळखता येत नाही’ असं पत्र विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह आधीच तयार ठेवा, दोन प्रती. रकान्यात ‘सोबतचे पत्र पाहावे’ लिहा. हे चालतं. का चालतं, ते विचारू नका.

पुढचं सोपं आहे. 100 मिलीमध्ये 3.73 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड म्हणजे 0.5 मोलर. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून 1 मिली टोचा आणि जनावर हलकेच हलवा. मादी काठोकाठ भरलेल्या बीकरवर उपडी ठेवायची. नराचं वीर्य मात्र पाणी न लावता पिपेटने उचलून बर्फावर ठेवायचं. असं कोरडं ते तासन्‌तास टिकतं. अंडी दोन-तीनदा धुवा.

जनावरं आठ तरी मागवा, हे आधीच सांगायला हवं होतं. चारच असली तर सगळी एकाच लिंगाची निघण्याची शक्यता आठात एक. आठ असली तर 128 मध्ये एक.

पाण्यात कंजुषी नको. आरओचं पाणी, मत्स्यालयाचं सागरी मीठ (स्वयंपाकाचं नव्हे), क्षारता हजारी 35, पीएच 8 ते 8.2. तांब्याचा अंशही शुक्राणूंना मारक.

वीर्याचा एक थेंब 10 मिली पाण्यात, आणि त्यातला एखादा थेंब 10 मिली अंड्यांत, तोही विरळ केल्या केल्या. मिनिट-दोन मिनिटांत अंड्याभोवती फलनावरण, म्हणजे शुक्राणू शिरल्याची खूण असलेला पातळ पडदा, सुटून उभं राहतं. शंभर अंडी मोजा. नव्वदच्या वर आवरण असलेली हवीत. कमी भरली तर वीर्य थोडं वाढवा, पण ओतू नका. एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरले तर तासाभराने दोनऐवजी एकदम तीन-चार पेशी होतात आणि भ्रूण बिघडतो. आवरण दिसलं म्हणून लगेच यश लिहू नका, पहिलं विभाजन बघूनच टक्केवारी द्या.

अंड्यांची आणि वीर्याची पिपेट वेगळी. शुक्राणू न घातलेल्या अंड्यांची एक बशी बाजूला ठेवा; तिच्यातही आवरणं दिसली, तर पिपेटची अदलाबदल झालेली आहे आणि त्या दिवसाचे आकडे फेकून द्यायचे.