कानामागची गाठ आणि अडकलेला ब्लॉक

बायोप्सी झाली की रिपोर्टबरोबर ब्लॉकची, म्हणजे काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात त्याची, चौकशीही त्याच दिवशी करा. माझा सगळा मनस्ताप त्या ब्लॉकपायी झाला.

डाव्या कानामागे आणि पाळीवर तांबूस गाठी आल्या होत्या. खाज सुटायची, कंगवा लागला की रक्त थांबता थांबायचं नाही. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी स्किनवाल्यांकडे पाठवलं, त्यांच्या सांगण्यावरून ठाण्यातच एका हॉस्पिटलात एक गाठ काढून तपासली. रिपोर्टात लिहून आलं : रक्तवाहिन्यांची गाठ, अँजिओसार्कोमा नाकारता येत नाही, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत ते ओळखायची खास तपासणी) करावी. अँजिओसार्कोमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "मला तसं वाटत नाही, पण परळला दाखवून घेऊ. ब्लॉक आणि स्लाइड्स आणा." स्लाइड्स म्हणजे त्याच तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या.

इथे घोडं अडलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर उत्तर, "ब्लॉक पेशंटला देत नाही." पुढच्या खेपेला, "तो बाहेरच्या लॅबकडे आहे." लॅब म्हणे, हॉस्पिटलचं पत्र आणा. हॉस्पिटल म्हणे, लॅबनेच कळवायला हवं. घरी आई रोज दारातच विचारायची, "काही कळलं का गं?" माझ्याच अंगातला तुकडा, त्यावर माझा जीव टांगलेला, आणि समोरचा माणूस मान वर न करता "उद्या या" म्हणतो. आजही आठवलं की संताप होतो.

शेवटी लेखी गेले तेव्हा हाललं. डॉक्टरांच्या लेटरहेडवर बायोप्सी नंबर, कोणती तपासणी आणि ती कुठे, हे सगळं. सोबत माझा अर्ज, दोन प्रतींत, एकीवर पोच घेतली. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत मागितलेली कागदपत्रं 72 तासांत द्यावीत असं आहे, तेही लिहिलं. त्यात ब्लॉकचा उल्लेख नाही, पण बोलण्याचा सूर बदलला. आणि "तपासणीपुरता, परत करण्याच्या अटीवर" हे शब्द जरूर घाला, त्यांनीच काम झालं.

ब्लॉक म्हणजे काड्यापेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, त्यात मेण, मेणात करडा तुकडा, कडेला पेन्सिलने नंबर. नंबर काउंटरवरच रिपोर्टशी ताडून बघा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.

परळला ब्लॉक तपासणाऱ्या मॅडमनी निदान दिलं : अँजिओलिम्फॉइड हायपरप्लेसिया विथ इओसिनोफिलिया, थोडक्यात एएलएचई. दुर्मीळ, पण कॅन्सर नाही. डोकं, मान, विशेषतः कानाभोवतीच जास्त होते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीतून पेशी रक्तवाहिन्यांच्याच आहेत हे पक्कं झालं. कॅन्सर नाही हे मात्र त्यांनी पेशींच्या ठेवणीवरून ठरवलं : फुगीर पेशींचं अस्तर असलेल्या वाहिन्या, भोवती लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी, कॅन्सरसारखा बेढबपणा कुठेच नाही. ऐकलं आणि तिथेच रडू फुटलं. किमुरा नावाचा आजार यासारखाच दिसतो, म्हणून रक्तातले इओसिनोफिल आणि आयजीई (अॅलर्जीत वाढणारं एक प्रथिन) तपासले. किमुरात आयजीई बहुतेक वाढतं, माझं नॉर्मल आलं.

उरलेल्या गाठी काढल्या. ही गाठ काढल्यावरही पुन्हा येऊ शकते, म्हणून तपासणी चालू आहे.

हो, एक राहिलं. बायोप्सीच्या फॉर्मवर गाठी किती, खाज, रक्त, किती महिने, हे डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या आणि गाठ काढण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. माझ्या पहिल्या फॉर्मवर नुसतं "कानामागे गाठ" होतं. परळला मॅडमनी आधी मोबाइलमधले फोटोच मागितले.