डांगरी, शिडी आणि नेव्हीतल्या मॅडम

आमचं दुकान फोर्टात, नेव्हीच्या गोदीच्या लायन गेटपासून चालत जाता येईल एवढ्यावर. आजोबांपासून नेव्हीवाल्यांचे कपडे शिवतोय त्यामुळे ऑफिसर लोकांचं फार अप्रूप राहिलेलं नाही. मागच्या महिन्यात एक मॅडम आल्या, लेफ्टनंट, वॉरशिपवर पोस्टिंग, मूळच्या साताऱ्याच्या. पिशवीतून डांगरी, म्हणजे जहाजावर कामाला घालायचा शर्ट-पँट एकत्र शिवलेला पोशाख, काढून टेबलावर टाकली, म्हणे मास्टर, ही माझ्यासाठी नाही, माझ्या उंचीच्या एखाद्या भावासाठी शिवलीय. घालून आल्या तर खरंच, खांदे दंडावर उतरलेले, दोन पायांमधलं आसन पार खाली, आणि हिपवर मात्र आवळतंय.

मी पिना लावायला घेतल्या तर म्हणाल्या, उभं करून काय कळणार, शिडी आहे का? आहे ना, पोटमाळ्याची, खडी लोखंडी. बाई झपझप वर गेली, हात लांब केला, आता बघा म्हणाली. हात वर गेला की अख्खी डांगरी ओढली जात होती आणि पाय उचलला की आसन अडवत होतं. जहाजावर दिवसभर हेच, त्यात समुद्र खवळलेला असला तर बघायलाच नको.

बाकावर आमचे जुने गिऱ्हाईक, रिटायर्ड पेटी ऑफिसर, चहा पीत होते, ते पुटपुटले, जहाजं काय बायकांसाठी बांधलीयत होय. मॅडम शिडीवरूनच म्हणाल्या, काका, नेव्हीतल्या बायकांना कायमची नोकरी द्यायच्या केसमध्ये सरकारनं कोर्टात हेच सांगितलं होतं, रशियन जहाजांवर बायकांना बाथरूम नाहीत म्हणून! मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टानं ते उडवून लावलं, आणि 2023 मध्ये तर आपल्या प्रेरणा देवस्थळींकडे आयएनएस त्रिंकट या युद्धनौकेची कमांड आली. काका हटेनात, आणि लढाई लागली तर? तर काय, मिसाइल केबिनवरची पाटी वाचून येतं का?

आर्मीत पायदळ न् रणगाडे बायकांना अजून बंद, तोफखाना 2023 ला उघडला, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

काम तसं किचकट. लोकांना वाटतं मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, ढिला म्हणजे हात मोकळा, पण उलट असतं, मुंढा वर घ्यावा लागतो. तो घेतला, बगलेत तुकडा जोडला, आसन उचललं, हिपला शिलाईतली माया सोडली. ट्रायलला परत शिडी! यावेळी काकाच शिडी धरून उभे.

आता मैत्रिणींच्या डांगऱ्या पण आणणार म्हणाल्यात. ऑल्टरेशनचे पैसे मात्र घासाघीस करून पाडलेच.