कलेजी कुणीही देईल, तिल्लीचं बोला

कुत्र्याला कच्चं मांस द्यायचं ठरवलं की सगळे कलेजीबद्दल बोलतात. कलेजीचं काय मोठंसं? कुठल्याही चिकनच्या दुकानात मिळते, स्वस्त मिळते, आणि आमच्या बंडूने पहिल्याच दिवशी ताट चाटूनपुसून साफ केलं. माझं डोकं फिरवलं ते कलेजीनंतरच्या पाच टक्क्यांनी.

या आहाराचं ढोबळ गणित असं: ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के अवयव. या दहामध्ये निम्मी कलेजी आणि निम्मं दुसरं काहीतरी, म्हणजे गुर्दा (मूत्रपिंड) किंवा तिल्ली (प्लीहा). बंडू लॅब्रॅडॉर, वजन ३० किलो. वजनाच्या दोन टक्के धरले तर दिवसाला ६०० ग्रॅम खाणं, त्यात ३० ग्रॅम कलेजी आणि ३० ग्रॅम हे ‘दुसरं काहीतरी’. कागदावर किती किरकोळ वाटतं! पण आठवड्याचे २१० ग्रॅम होतात, आणि एका बोकडाचे दोन गुर्दे मिळून शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतात. ते दोन गुर्देही पुण्यातल्या रविवारच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या काकांना हवे असतात, तव्यावर परतायला.

मटणाच्या दुकानातला संवाद मला आता झोपेतही म्हणता येईल.

“दादा, तिल्ली आहे?”

“कशाला पाहिजे ताई?”

“कुत्र्यासाठी.”

“मग फेफडा घेऊन जा ना. पैसे नका देऊ.”

इथेच सगळं अडायचं. कुत्र्यासाठी म्हटलं की फेफडा, चरबीची कापटं, नाहीतर कातडीचे तुकडे. फुकट, वर उपकार केल्यासारखं. मी सांगायचे की फुफ्फुस या हिशोबात अवयव धरत नाहीत, ते मांसात जातं, मला तिल्लीच पाहिजे. त्यावर सुरी चालवणारा मुलगा हसायचा आणि पाठीमागच्या लोकांकडे बघायचा. “उद्या या.” उद्या गेलं की तिल्ली वजडीबरोबर गेलेली. वजडीवाला सकाळीच येऊन आतडी, पोट, तिल्ली असा सगळा माल एकगठ्ठा उचलतो, हे मला कितीतरी फेऱ्यांनंतर कळलं, आणि तेही रांगेतल्या एका आजींकडून. दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. रोज ‘उद्या या’ म्हणायला मात्र त्याला कंटाळा नव्हता. दुसऱ्या एका दुकानात म्हणाले, गुर्दा हवा तर अर्धा किलो मटण घ्या, त्यात टाकतो. टाकला. एक. तोही अर्धा.

आखाडात तर विचारूच नका. गटारीच्या आधीच्या रविवारी तिल्ली मागणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते मी अनुभवलंय. श्रावणात गिऱ्हाईक नसतं म्हणून सोपं जाईल, हा माझा अंदाज होता. पण गिऱ्हाईक नाही म्हणजे बोकडही कमीच येतात.

शेवटी मार्ग निघाला तो असा. मंगळवारी किंवा बुधवारी, माल उतरतो तेव्हा भल्या सकाळी जायचं, वजडीवाल्याच्या आधी. घरचा झाकणाचा डबा मालकाच्या हातात द्यायचा, पोऱ्याच्या नाही. पैसे आगाऊ द्यायचे, आणि कुत्र्याचं नाव काढायचं नाही. ‘घरात खायला हवंय’ म्हटलं की तोच माणूस तिल्ली धुऊन देतो. खोटं काही नाही त्यात, बंडू घरातच खातो.

आता ते फुकटचं फुफ्फुस का नको, हे सांगायचं राहिलंच. शेळ्यामेंढ्यांच्या फुफ्फुसात आणि कलेजीत कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती आपल्या पोटात गेली तर तशाच गाठी आपल्या यकृतात, फुफ्फुसात होतात. अशी गाठ दिसली तर तो अवयव टाकूनच द्या, पण भटक्या कुत्र्यांना नको. गाठ दिसली नाही म्हणजे नाहीच, असंही समजू नका.

यावर मला सांगितलं गेलं, फ्रीझरमध्ये ठेवा, काही होत नाही. गाठींतले कृमी मरायला उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमान निदान दोन दिवस लागतं. मी शंभरदा उघडल्या जाणाऱ्या आमच्या फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवला, तर उणे १४. बर्फ जमतो म्हणून आपण निर्धास्त असतो. त्यामुळे बोकडाची तिल्ली आणि गुर्दा मी चांगले उकळूनच देते आणि वरचं पाणीही त्याच्या जेवणात ओतते. कच्च्याच्या कट्टर लोकांना हे पटत नाही. नसू दे. माझ्या घरात लहान मूल आहे. शिवाय जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंडूला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेलची, म्हणजे पट्टकृमी मारणारी, गोळी चालू आहे.

डॉक्टरांना तर कच्चं मांसच मान्य नाही, साल्मोनेला या जिवाणूचं कारण ते प्रत्येक भेटीत सांगतात, आणि ते खरंच आहे. भांडी वेगळी, ओटा गरम पाण्याने, हात साबणाने. पण त्यांनी एक गोष्ट कामाची सांगितली. लॅब्रॅडॉरमध्ये यकृतात तांबं साठण्याचा आजार आढळतो, आणि मेंढीच्या कलेजीत तांबं चिकनच्या कलेजीपेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून बंडूला कलेजी फक्त कोंबडीची. तीही मोजून, कारण जीवनसत्त्व अ शरीरात साठत जातं आणि अति झालं तर हाडांवर, सांध्यांवर येतं. आवडते म्हणून वाटीभर कलेजी घालणारे लोक बघितले की मला राहवत नाही.

चिकनवाला कलेजी-पेटा एकत्र पिशवीत भरतो. पेटा म्हणजे कोंबडीचं मांसल पोट, तो मांसात धरायचा, म्हणून घरी वेगळा करून वजन करा, नाहीतर हिशोब चुकतो. कुठल्याही अवयवाची सुरुवात मात्र नखाएवढ्या तुकड्याने करा. पहिल्या आठवड्यात पातळ शी झाली तर तुकडा अजून लहान करा, दोन दिवस थांबा, मग पुन्हा द्या. गुर्द्याला लघवीचा वास येतोच, उभा चिरून मधला पांढरा भाग काढला की कमी होतो. आणि रविवारी जाऊ नका.