चढणीची कटला

यंदा आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूत आमच्या नाशिककडच्या दारणा धरणाला पाणी आलं. ओढे धरणात उतरतात तिथं पाणी तांबडं झालं की रोहू, कटला, मृगळ प्रवाहाकडे तोंड करून चढू लागतात. साचलेल्या पाण्यात हे मासे अंडी सोडत नाहीत. हिवाळाभर खोलात बसलेला, उन्हाळ्यात डोहात दाटलेला मासा या दिवसांत आपणहून हाताशी येतो.

पहाटे भाचा आणि मी तराफ्यावर होतो. नायलॉनच्या धाग्याचं तंगूस जाळं, चार बोटं आसाचं, म्हणजे तेवढ्या भोकाचं. आठेक किलोची कटला लागली. शेपटीचा वरचा पाता फाटलेला, जखम जुनी. कल्ल्यामागच्या पराला मी आतून बोट लावलं. नराचा पर या दिवसांत कानशीसारखा खरखरीत लागतो, हा गुळगुळीत होता. पोटावर अंगठा जेमतेम टेकला, तर मोहरीएवढी अंडी माझ्या मनगटावर ओघळली. आत लाखांनी असणार.

आखाडातली अमावास्या आठवड्यावर आलेली. श्रावणाआधी नाशिकचे व्यापारी मागू तो भाव देतात, गाभोळीचा, म्हणजे पोटातल्या अंड्यांचा, वेगळा. भाचा म्हणाला, "मामा, सोडू नका हो, जाळ्याचे पैसे द्यायचेत अजून." त्याचं चूक नव्हतं. पण दरवर्षी आमची मच्छीमार सोसायटी वर्गणी काढून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, धरणात सोडायला आणते. 1957 साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली, तिथून मत्स्यबीज केंद्रांची वाट उघडली, असं प्रशिक्षणात ऐकलेलं. बीज विकत आणायचं आणि अंड्यावरची मादी बाजारात न्यायची, हे मला कधीच पटलेलं नाही. सभेत बोललो की सगळे माना डोलावतात, पाऊस पडला की तेच ओढ्याच्या तोंडाला जाळं लावतात. त्या पहाटे मीही लावलंच होतं.

तिला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांनी धरली. कल्ले चालू झाले, शेपटीचा फटका बसला, गेली. भाचा तासभर बोलला नाही.

संध्याकाळी ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी गर्दी दिसली. गुडघाभर पाण्यात पोरं काठ्या-कोयते घेऊन उभी. गोणपाटावर एक कटला, पोट फाडलेलं, गाभोळी पळसाच्या पानावर वेगळी काढलेली. मी आधी शेपूट पाहिलं. वरचा पाता फाटका.

सकाळी मीच नेली असती तर जाळ्याचे पैसे तरी फिटले असते, हे त्या रात्री मनात आलं आणि अजून जात नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या तोंडाचं जाळं काढून मी खोल पाण्यात टाकलं. भाच्याने गाठी सोडायला हात लावला. पैसे अजून द्यायचेच आहेत.